खाकरे गुरुजी

'खाकरे' हे त्यांचं आडनाव नाही. आडनाव वेगळं आहे, ते पेन्शनच्या कागदावर आहे आणि तिथेच बरं आहे. खाकरे हा त्यांचा गुण. गोंदिया ते सडक अर्जुनी या रस्त्यावर रोज अप-डाऊन करणाऱ्या आम्हा पंधरा-वीस जणांच्या टोळक्याने तो हेरला आणि नाव पडलं. तुम्ही आमगाव-सालेकसा लाइनला असाल तर तुमच्याकडचे खाकरे गुरुजी वेगळे असतील. तिरोड्याच्या गाडीत ते गुरुजी नसून कापड दुकानदार असतील, देवरीच्या गाडीत एखादे रिटायर बाबू. माणूस बदलतो, खाकरणं तेच.

खाकरणं कसलं, ते आधी सांगतो. सर्दीचं खाकरणं ओलं असतं, त्यात माणूस जरा ओशाळतो. जेवताना ठसका लागतो त्यात घाबरतो. पूर्वीचे सासरे ओसरीवर पाय ठेवण्याआधी खाकरत, त्यात दरारा असे, पण सोयही असे. आतल्या सुना सावरून बसत. गुरुजींचं खाकरणं चौथ्या जातीचं. कोरडं, दोन तुकड्यांचं, मधे एका स्वल्पविरामाएवढी जागा. "अहं... अहं." याचा अर्थ एवढाच की बसमधल्या कुठल्या तरी बाईने लेकराला पाजायला घेतलं आहे.

आता कुणी म्हणेल, गुरुजींना हे कळतं कसं? तिथेच त्यांची तपश्चर्या आहे. फलाटावर गाडी लागायच्या आत ते खिडकीतून रुमाल आत टाकतात. तो रुमाल बरोबर 'स्त्रियांसाठी राखीव' लिहिलेल्या बाकांच्या मागच्या बाकावर पडतो. इतक्या वर्षांत नेम चुकलेला नाही. आमदार-खासदारांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर आम्ही कधी आमदार पाहिला नाही, पण या जागेवर गुरुजी नाहीत असा दिवसही पाहिला नाही. तिथून पुढचा सगळा मुलुख टप्प्यात येतो. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्याच्याही आधीपासून ते या रस्त्यावर आहेत. नोकरीत असताना शाळेसाठी जात, आता शेतीसाठी जातात. शेत तिकडेच आहे.

पाजणं सुरू झालं की गुरुजींची मान कामाला लागते. पहिल्यांदा ती एकदम नव्वद अंशांत खिडकीकडे वळते. ही झाली निषेधाची मान. अर्ध्या मिनिटाने ती हळूच पुढे येते. निर्लज्जपणा संपला की चालूच आहे, याची खात्री करायला. चालूच असतो. मान परत खिडकीकडे. गोरेगाव येईपर्यंत अशा तीस-चाळीस फेऱ्या होतात. ज्याला पाहायचंच नाही त्याने इतक्या वेळा पाहावं लागणं, हा गुरुजींच्या चारित्र्यावर केवढा अन्याय! हातात पेपर असतो, तो भिंतीसारखा उभा धरलेला. एकदा तो उलटा होता. मी सांगितलं नाही. त्यांच्या मागच्या बाकावर बसून मलाही काही करमणूक लागते.

गुरुजींचा शब्दसंग्रह मोठा आहे, शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत, पण बसमध्ये या एका गोष्टीला त्यांच्याकडे नाव नाही. "हे असलं," "तसलं काही," "चारचौघांत हे," एवढ्यावर भागवतात. आमच्याकडच्या बाया सरळ म्हणतात, "पाजून घे वं." अंगावर पाजणं, अंगावर पिणारं लेकरू, पान्हा फुटणं; मराठीत या गोष्टीला इतके धडधडीत आणि गोड शब्द आहेत की लाजायला जागाच ठेवलेली नाही. गुरुजी मात्र 'असलं' वर थांबतात.

फक्त एका ठिकाणी त्यांची जीभ सुटते, ती म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात.

१ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह. १९९२ पासून तो जगभर पाळतात आणि गावच्या अंगणवाडीतही पाळतात. सेविकाताई रांगोळी काढतात, फळ्यावर चित्र काढतात, गर्भवती आणि बाळंतिणींना चटईवर बसवतात आणि खुर्चीवर बसवायला कुणीतरी लागतं म्हणून गुरुजींना बोलावतात. तिथे गुरुजी पंचेचाळीस मिनिटं बोलतात. बाळ जन्मल्यापासून तासाभरात पाजायला घ्यावं. पहिलं पिवळं चिकाचं दूध टाकू नये, ती बाळाची पहिली लस. सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नको, मे महिन्यात गोंदिया तापून तवा झालं तरी नको, कारण पाणी त्या दुधातच असतं. पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजावं. सगळं बरोबर. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. आणि हे सगळं सांगताना ते 'स्तनपान' हा शब्द बेधडक वापरतात. संस्कृत शब्दाला सोवळं असतं. तो व्यासपीठावर चालतो. मराठी शब्द पारोसा, तो बसमध्ये भेटतो.

शेवटी ते आकडा काढतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी सुमारे ६४ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर असल्याचं आढळलं. "मग उरलेल्या छत्तीसांचं काय झालं?" असं गुरुजी हात उंचावून विचारतात. चटईवरच्या बाया एकमेकींकडे बघतात. मला उत्तर थोडंसं माहीत आहे. त्या छत्तीसांतल्या एकदोघांच्या आया आमच्या बसमध्ये होत्या, गुरुजींच्या पुढच्या बाकावर.

गुरुजींचं दुसरं प्रेम म्हणजे हिरकणी. शाळेत असताना शिवजयंतीचं त्यांचं भाषण ठरलेलं. कोजागिरीची पौर्णिमा, रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरी रडणारं तान्हं आणि तो कडा. "कडा उतरली हो!" इथे गुरुजींचा आवाज चिरकायचा, पोरं टाळ्या वाजवायची. २०१९ साली 'हिरकणी' सिनेमा आला तेव्हा ते तो पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांचे डोळे अजून लाल होते. महाराजांनी तिला साडीचोळी दिली, तिथे बुरुज बांधला, ही गोष्ट सांगताना त्यांना आजही भरून येतं.

मला कधी कधी वाटतं, त्या रात्री गडावर गुरुजी असते तर? कडा उतरून, काट्यांनी रक्तबंबाळ होऊन ती बाई घरी पोचली, लेकराला उचललं, तिथेच जमिनीवर बसकण मारली आणि पदर सारला, की मागून आवाज आला असता: "अहं... अहं."

कथेतला राजा मोठा की त्याने वेगळाच प्रश्न विचारला. नियम मोडून उतरलीस कशी, हे विचारण्यापेक्षा त्याने पाहिलं की आपल्या गडाला कुठे फट आहे आणि आईला घरी जायला कुठे वाट नाही. तिच्याच नावाने आता सगळ्या महाराष्ट्रात 'हिरकणी कक्ष' आहेत. एसटीने आपल्या निमआराम गाडीलासुद्धा तिचं नाव दिलं. कल्पना चांगली. ज्या आईला आडोसा हवा तिला आडोसा मिळावा, बसायला खुर्ची, वर पंखा, दाराला कडी. मी स्वतः एका कचेरीत असा कक्ष पाहिला. कुठे ते विचारू नका. दारावर सुंदर पाटी, पाटीवर आई आणि बाळ, दाराला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो चहाला. खिडकीतून डोकावलं तर आत दोन मोडके पंखे, एक फळा आणि झाडूंचा भारा अगदी निवांत बसलेला. कुणी त्यांच्याकडे पाहून खाकरत नव्हतं.

पण गुरुजींना हा कक्ष फार आवडतो. कारण तो त्यांचा मुद्दा झाला आहे. "सरकारने खोली दिली आहे ना? मग तिथून पाजून यायचं आणि गाडीत बसायचं!" जणू लेकराची भूक म्हणजे रिझर्व्हेशन, एकदा करून घेतलं की सडक अर्जुनीपर्यंत काळजी नाही. तान्हं बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा पितं. कधी दोन तासांनी, कधी तासाने. त्याचं पोट बोराएवढं, त्याला वेळापत्रक वाचता येत नाही आणि धावत्या बसला खोली नसते. तरी गुरुजी कक्षाचं नाव घेतात. आईच्या सोयीसाठी केलेली खोली तिला बाहेर घालवायला वापरता येते, हा शोध त्यांचाच.

दुसरा मुद्दा रडण्याचा. लेकरू रडलं तर गुरुजी कपाळाला आठ्या घालतात: "बाई, गप्प करा त्याला." पाजायला घेतलं तर खाकरतात. म्हणजे त्याने रडूही नये आणि पिऊही नये. दवाखान्यातल्या सिस्टर सांगतात, रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ तोंड वळवतं, मुठी चोखतं, तेव्हाच घ्यावं. गुरुजींच्या नियमाने पाहिलं तर एकच मार्ग उरतो. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नाही, पाच पूर्ण झाली की अर्धं. तेव्हा लेकराने थेट अर्ध्या तिकिटाच्या वयातच जगात यावं.

अर्ध्या तिकिटाचा विषय निघालाच आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या गाडीचं रूप पालटलं. ज्या बाया वर्षातून दोनदा माहेरी जायच्या त्या महिन्यातून दोनदा दिसू लागल्या. बाजाराला, बँकेत, दवाखान्यात, मांडीवर लेकरू घेऊन. गुरुजींना हे परवडलं नाही. "फुकटेगिरी वाढली," असं ते म्हणाले, आणि वाहक आली तशी खिशातून कार्ड काढून त्यांनी ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट घेतलं.

तर एवढा माणूस, एवढा अभ्यास, मग अडतं कुठे? मी बरेच दिवस विचार केला. त्यांच्या डोळ्यांत वाईट काही नाही, हे मी शपथेवर सांगेन. बाई पाजते हे त्यांना नवीनही नाही. त्यांची चार एकरांची धानाची बांधी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीला आलास तर दाखवीन म्हणाले म्हणून एका रविवारी मी गेलो.

पाऊस भुरभुरत होता. दहा-बारा बाया गुडघाभर चिखलात ओणव्या, एका सुरात गाणं, एका सुरात हात. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली, त्यात एक लेकरू. ते कुरकुरलं तशी त्यातली एक बाई ओळ सोडून आली, डबक्यात हात धुतले, धुऱ्यावर बसली आणि पाजायला लागली. पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकणारे दोन गडी तिच्यापासून चार हातांवरून गेले, आले, परत गेले. कुणाची मान वळली नाही. कुणाला वेळही नव्हता. आणि गुरुजी? छत्री धरून तिथेच उभे. मी कान टवकारले. आता येणार, आता येणार. गुरुजी म्हणाले, "पाज बाई पोटभर. पण जरा लवकर, ओळ मागं पडते."

तेव्हा मला कोडं सुटलं. धुऱ्यावर ती मजूर होती आणि गुरुजी मालक. बसमध्ये ती तिकीट काढून बसलेली असते, तेही त्यांच्या पुढच्या बाकावर, तेही त्यांच्याएवढंच अर्धं तिकीट काढून. गुरुजींना दूध खुपत नाही, सीट खुपते. बाई आपल्या कामाला वाकलेली असली की तिचं सगळं नैसर्गिक. ती आपल्या बरोबरीने बसली की मर्यादा आठवते.

हेच मोठ्या पातळीवरही होतं, आणि तिथे गुरुजी उलट बाजूला असतात. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपलं अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या. फोटो सगळ्या पेपरांत आला, विधान भवनात हिरकणी कक्ष उभा राहिला. गुरुजींनी तो फोटो आमच्या बसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले, 'मातृशक्तीला नमन'. नमन आमदाराला, खाकरणं गोरेगावच्या सुनेला. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे शिवजयंतीच्याच महिन्यात, सर्वोच्च न्यायालयात न्या. नागरत्ना आणि न्या. वराळे यांच्यापुढे सार्वजनिक जागांतल्या अशा कक्षांचा प्रश्न आला. सोयी करा, असं तर न्यायालयाने म्हटलंच. पण चारचौघांत पाजण्याला कुणी कलंक समजू नये, हेही म्हटलं, आणि संविधानातल्या ५१अ कलमाची आठवण करून दिली: स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य. गुरुजींनी ही बातमी वाचली. मूलभूत कर्तव्यं त्यांनी तीस वर्षं नागरिकशास्त्रात पाठ करून घेतली आहेत. बातमी वाचून झाली, त्यांनी पेपरची घडी घातली आणि पुढच्या बाकाकडे बघून घसा साफ केला.

एक सांगून ठेवतो, खाकरणं ही फक्त पुरुषांची मिरास नाही. आमच्या गाडीत एक पदरकाकू आहेत. त्या खाकरत नाहीत, थेट हात घालतात. कुणी पाजायला लागली की पलीकडून येऊन तिची ओढणी नीट करतात, लेकराचं तोंड झाकतात, खिडकीचा पडदा ओढतात. मे महिन्यात ते लेकरू ओढणीखाली घामाने निथळतं आणि पिणं सोडून हातपाय झाडतं. "आमच्या वेळी बाई असं नव्हतं," काकू म्हणतात. त्यांच्या वेळी नऊवारीचा पदर होता, घेर होता, घरात आठ माणसं होती आणि बसचा प्रवास नव्हता. आताच्या पोरी पंजाबी ड्रेसवर असतात, त्याला पदर कुठून आणायचा?

आणि तिसरा प्रकार म्हणजे मी. आम्ही भूगोलप्रेमी. बाईने पाजायला घेतलं की आम्हाला अचानक निसर्ग आवडायला लागतो. खिडकीबाहेर बघत मी फुलचूरपासून धानाच्या बांध्या मोजतो. या रस्त्यावर बांध्या किती आहेत हे तलाठ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. गुरुजी खाकरतात तेव्हा आम्ही बांध्या मोजतो, आणि त्याला सभ्यपणा म्हणतो. इतक्या वर्षांत मी मागच्या बाकावरून एकदाही म्हटलं नाही की गुरुजी, पुरे. गुरुजींच्या खाकरण्याएवढंच माझं मोजणंही त्या बाईला ऐकू जात असणार.

ते पुरे कुणी म्हटलं, तीच गोष्ट सांगायची आहे.

मागच्या पावसाळ्यात, सकाळची गाडी. महिलांच्या बाकावर बावीस-तेवीस वर्षांची एक सून, बाळंतपण आटोपून माहेराहून सासरी निघालेली. पायाशी डबा-पिशव्या, पर्समधून डोकावणारं दवाखान्याचं माता-बाल कार्ड, मांडीवर टोपडं घातलेलं तीन महिन्यांचं लेकरू, गालावर काजळाचा ठिपका. फुलचूर सोडलं तसं ते मुठी चोखायला लागलं. तिने ओढणी सारखी केली.

"अहं... अहं."

तिने मागे पाहिलं आणि ओढणी परत खाली घेतली. खुळखुळा काढला. लेकराने खुळखुळा खाली टाकला. कारंजा आलं तोवर त्याने गाडी डोक्यावर घेतली. "गप्प करा हो त्याला," गुरुजी म्हणाले. तिने घेतलं. "अहं... अहं." तिने सोडलं. असं तीनदा झालं. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. लेकरू तोंड लावायचं, सोडायचं आणि चिडून रडायचं. गुरुजींच्या घरी दुभती गाय आहे. ती दोहताना ते परक्या माणसाला गोठ्यात उभं राहू देत नाहीत, गाय पान्हा चोरते म्हणतात. गाईचं त्यांना कळतं. मी बांध्या मोजत होतो.

गोरेगावला एक म्हातारी चढली. कपाळावर गोंदण, काखेत गठुडं, हातात काठी. ती सरळ त्या सुनेशेजारी बसली, लेकराकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहून रडवून रायली वं माय त्याले? भूक लागली त्याले. पाज ना."

सून काही बोलली नाही, फक्त डोळ्यांनी मागचा बाक दाखवला. म्हातारी वळली. त्याच क्षणी गुरुजी सवयीप्रमाणे खाकरले.

म्हातारीच्या चेहऱ्यावर एकदम काळजी आली. "खोकला हाय का गा भाऊ?"

"नाही, नाही. अहं..."

"कोरडा दिसते. किती दिसाचा हाय?"

गाडीतले सगळे वळून पाहू लागले. पुढून वाहकबाईंनी मशीनवरची मान वर केली. गुरुजींना खोकला आहे म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तर मग खाकरलात कशाला, याचं उत्तर द्यावं लागणार. ते नुसते "हं" म्हणाले. म्हातारीने मांडीवर गठुडं सोडलं, त्यातून एक चिंधी, चिंधीतून सुपारीच्या खांडाएवढा तपकिरी तुकडा काढला.

"बेहड्याचं साल हाय. दाढंखाली धर. रस गिळत ऱ्हाय. आन् बोलू नोको. बोललं का गुन जाते."

भरल्या गाडीत, एका आजीने आईच्या आवाजात दिलेलं औषध कोण नाकारणार? गुरुजींनी ते तोंडात टाकलं. बेहडा ज्याने चघळला आहे त्याला माहीत आहे. पहिल्या दहा सेकंदांत जीभ आक्रसते, मग गाल आत ओढले जातात, मग ओठ असे आवळतात की शीळ घालायची म्हटली तरी येत नाही. गुरुजींचं तोंड पिशवीची नाडी ओढल्यासारखं झालं. डोळे मोठे झाले. आवाज मात्र बंद.

म्हातारी पुन्हा सुनेकडे वळली. "हं, पाज आता."

मुरदोलीचं जंगल सुरू झालं. दोन्हीकडे पावसाने न्हालेला हिरवा साग, गाडीच्या काचा खडखडताहेत आणि त्या खडखडाटात एक बारीक आवाज येत होता. लेकरू लुटूलुटू पीत होतं. तिने ओढणी घेतली होती की नव्हती हे मला सांगता येणार नाही, कारण कुणी पाहत नव्हतं. सगळी गाडी गुरुजींच्या तोंडाकडे पाहत होती. म्हातारी तिला सासर कोणतं, घरी बांधी किती, रोवणी झाली की राहिली, हे विचारत होती. वीसेक मिनिटांत लेकराचं डोकं मागे कललं, तोंड उघडं राहिलं, ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा एक थेंब हनुवटीवर आला आणि ते झोपलं.

कोहमाऱ्याला म्हातारी उठली. काठी टेकत मागच्या बाकाशी थांबली आणि गुरुजींना म्हणाली, "आता थुकलं तरी चालते."

तिला खरंच खोकला वाटला होता की सगळं कळलं होतं, यावर आमच्या टोळक्यात अजून एकमत नाही. मला विचाराल तर त्या चिंधीत अजून बरेच तुकडे होते.

गुरुजी सुधारले का, असं तुम्ही विचाराल. माणसं अशी एका सालाने सुधारत नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात ते पुन्हा खाकरले. पण मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "गुरुजी, बेहडा?" गाडी हसली, पुढच्या बाकावरची बाईही हसली, आणि तिने लेकराला सोडलं नाही. तो मागून बोललेला मी होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी माझ्या बांध्यांची मोजणी चुकली.

बेहडा आमच्या जंगलात झाडाखाली पडलेला असतो. तुमच्या गावी काष्ठौषधीच्या दुकानात मिळेल. त्रिफळ्यातल्या तिघांपैकी तो एक. महाग नाही. पुढच्या प्रवासाला निघाल तेव्हा दोन तुकडे पिशवीत टाका. खाकरे गुरुजी तुमच्याही गाडीत असतीलच. द्यायची रीत म्हातारीने सांगितलीच आहे: दाढेखाली धरायचं, वीस मिनिटं, आणि बोलायचं नाही. तेवढ्यात लेकराचं पोट भरतं.